ओटीवरचं नेट

महिन्याच्या एकोणीस तारखेला, सकाळी सव्वाअकराला, जीनाचं नेट बसलं. बंद पडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. बंद नेटची तक्रार घेतात, तक्रारीचा नंबर देतात, तो नंबर ऑफिसात दाखवता येतो. पण हे मेलं बंदही पडत नाही. राउटरवरचे सगळे दिवे हिरवेगार, आणि स्क्रीनवर एक गोल चकती फिरतेय ती फिरतेयच. हेडफोनमध्ये विरारच्या एका हॉस्पिटलातली बाई हॅलो हॅलो करत होती. तिचा पेशंट ऑपरेशनला न्यायचा होता आणि त्याच्या विम्याची मंजुरी जीनाच्या स्क्रीनवर अर्धी उघडून थांबली होती. तुमचा आवाज तुटतोय मॅडम, असं ती बाई म्हणाली, आणि मग तिचाच आवाज तुटला.

जीनाने कपाळाला हात लावला. जानेवारीत एकदा झालं, फेब्रुवारीत एकदा झालं, दोन्ही वेळा महिन्याच्या सुरुवातीला आणि दोन दिवसांत आपोआप सुटलं, आणि आता मार्चातही तेच.

जीना मेडिक्लेमचे क्लेम बघणाऱ्या कंपनीत होती. सकाळी दहा ते संध्याकाळी सात हॉस्पिटलांचे फोन घ्यायचे आणि लोकांना समजावायचं की पॉलिसी आहे, रक्कम मोठी आहे, पण खोलीचं भाडं एवढंच, मोतीबिंदूला एवढंच, आणि गुडघ्याला दोन वर्षं थांबा. हे सगळं पॉलिसीच्या कागदावर लिहिलेलं असतं, फक्त मुंगीच्या अक्षरात. लोक चिडायचे, रडायचे, शिव्या द्यायचे. ती ऐकून घ्यायची. सहा वर्षं ऐकून घेत होती, आता तिला काही वाटेनासं झालं होतं.

ऑफिस ठाण्याला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती घोडबंदरवरून रोज जात-येत होती. जायला दोन तास, आणि यायला देवाच्या मनात असेल तितके. मग सासऱ्यांना, प्लासिडना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेल्यासारखंच. नवरा ग्लेन कुवेतला. सासू कार्मिन दिवसभर वाडीत, कारण वसईजवळच्या गिरीज गावातली त्यांची ती केळी आणि ती अळूची खाचरं काही आपोआप पाणी पीत नाहीत. म्हाताऱ्या माणसाजवळ घरात कोणीतरी हवं ना? जीनाने ऑफिसात हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली. अख्ख्या टीममध्ये ती तिला एकटीलाच होती, म्हणून अख्ख्या टीमच्या डोळ्यांवर आली होती. अट एकच. नेट वायरचं हवं आणि धड चाललं पाहिजे, मोबाइलचं चालणार नाही. टीम लीडर रचनाने दोनदा लेखी कळवलं होतं की तिसऱ्यांदा काम अडलं तर सवलत बंद, ठाण्याला यावं लागेल. रचना वाईट नव्हती. प्रत्येक वेळी आधी सॉरी लिहायची आणि मग ताकीद द्यायची.

ठाण्याला जायचं म्हणजे सासऱ्यांना ओटीवर एकटं टाकून जायचं. नाही गेलं तर नोकरी जायची. दोन्हीपैकी एकही जीनाला परवडणारं नव्हतं, म्हणून तिने त्या दिवशी पहिल्यांदा माणिकपूरच्या नेटवाल्याच्या ऑफिसात फोन करून, नेहमीच्या मऊ आवाजात नाही, चांगला घसा ताणून भांडण केलं. मग रचनाला फोन केला. रचना म्हणाली, आजचा दिवस रजा टाक, मी काही बघितलं नाही, पण ह्यापुढे माझ्याच्याने होणार नाही. जीनाने रजा टाकली.

दुपारी नेटवाल्याचा कल्पेश आला. हाच तो. दीड वर्षापूर्वी ह्यानेच हा प्लॅन गळ्यात मारला होता. तेव्हा म्हणाला होता, मॅडम, अनलिमिटेड आहे, दिवसरात्र चालवा, टेन्शन घेऊ नका. आता त्याने बूट काढले, राउटरकडे नुसतं बघितलं, हातही लावला नाही.

लाइनला काही झालेलं नाही, तो म्हणाला. तुमचा फेअर यूसेज संपलाय. म्हणजे काय, तर महिन्याला एक हजार जीबीपर्यंत फुल स्पीड. ते संपलं की दोन एमबीपीएस, पुढच्या पाच तारखेपर्यंत.

"मग अनलिमिटेड कसं?" जीनाने विचारलं.

"अनलिमिटेडच आहे ना मॅडम. बंद कुठे झालंय? वापरा किती पण."

"दोनमध्ये वापरू काय?"

कल्पेशने विचार केला. खरंच केला, थट्टा नाही. व्हॉट्सअॅपचे मेसेज जातील, असं म्हणाला. फोटो जरा वेळ घेतील.

हे लिहिलंय कुठे, असं तिने विचारलं तेव्हा त्याने बॅगेतून जाहिरातीचा कागद काढला. वर बोटभर जाडीच्या अक्षरांत अनलिमिटेड, त्याच्या डोक्यावर एवढासा तारा, आणि कागदाच्या तळाला त्या ताऱ्याची ओळ. जीनाला ती वाचायला फोनचा टॉर्च लावावा लागला. आणि तिला हसूच आलं, पण ते काही हसण्यासारखं हसू नव्हतं. दिवसाला साठ-सत्तर माणसांना तळाची ओळ वाचून दाखवणारी बाई ती, आणि स्वतःच्या घरी दीड वर्ष तळाची ओळ न वाचता बसली. दुसऱ्या कोणाचं असतं तर ती म्हणाली असती, सर, सही करताना वाचायला हवं होतं.

पण पाच तारखेला सुरू झालेले एक हजार जीबी चौदा दिवसांत संपतात कसे? घरात माणसं तीन आणि त्यातलं एक खुर्चीला खिळलेलं. कल्पेशने आपल्या मोबाइलवर काहीतरी उघडलं आणि नावं वाचायला लागला. स्वप्नाली विवो. ऑगी सॅमसंग. लेस्टर टेम्पो. रेडमी, रेडमी, परत रेडमी. आत्ता ह्या घडीला सोळा फोन जोडलेले होते.

"हे घर आहे का लॉज?" कल्पेश म्हणाला.

जीना तशीच उठून ओटीवर गेली. ह्या वेळेला ती कधी ओटीवर येतच नसे. तिची खोली मागच्या अंगाला, पूर्वी जिथे केळीचे लोंगर पिकत घालायचे ती. दार बंद, कानावर आवाज कापणारे हेडफोन, आणि स्क्रीनवर कॅमेरा. मधल्या सुट्टीत स्वयंपाकघरात चार घास उभ्याने खायचे, दारातूनच प्लासिडकडे एक नजर टाकायची आणि परत आत. तर आता ओटीवर बाकावर ऑगस्टीनअंकल बसले होते. रिटायर झालेला माणूस, तोंडाजवळ फोन धरून कुठल्यातरी लांबच्या देशातल्या चर्चमधली मिस्सा बघत होता. खांबाला टेकून शेजारच्या भागूबाईची नात स्वप्नाली, कानात वायर, मांडीवर वही. पायरीवर आणखी दोन बायका. फाटकाशी केळीवाल्या लेस्टरचा टेम्पो उभा आणि लेस्टर आत सीटवर आडवा, छातीवर फोन. मध्ये आपल्या लांब हातांच्या खुर्चीत प्लासिड डुलक्या घेत होते. जीनाला त्या सगळ्यांच्या हातांतले फोन तेवढे दिसले. बाकी काही बघायची तिच्यात ताकदच नव्हती.

संध्याकाळी कार्मिन वाडीतून आली तेव्हा जीनाने तिला स्वयंपाकघरात गाठलं. पासवर्ड कोणाकोणाला दिला? कार्मिनने पाय धुता धुता सांगितलं की मागितला त्याला दिला. त्यात लपवण्यासारखं काय आहे? आपल्या विहिरीवर कळशी घेऊन आलेल्याला ह्या घराने कधी परत पाठवलेलं नाही, हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, झारखंडहून आलेले मजूर नाहीत. तुझ्या सासऱ्यांच्या बापाने रहाट ओढला तोही सगळ्या पाखाडीसाठी, आळीतल्या घराघरासाठी. आणि तो नेटवाला पोरगाच म्हणाला होता ना, कितीही वापरा म्हणून?

जीनाने सांगून बघितलं. हे विहिरीसारखं नाही, ह्याला मोजमाप आहे. मोजमाप विहिरीलाही होतंच की, हे तिला माहीत होतं. वसईत कोणाला माहीत नाही? मे महिन्यात दुपारभर पंप चालवला की गोड पाण्यात खारं उतरतं आणि मग अख्ख्या वाडीची केळी पिवळी पडते. प्लासिड स्वतः उन्हाळ्यात अकराच्या ठोक्याला पंप बंद करायचे आणि कोणाचं ऐकायचे नाहीत. तिने तेही सुनावलं. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं, नोकरी गेली तर काय, ठाण्याला जावं लागलं तर पप्पांचं कोण करणार, मी कोणासाठी त्या कोंदट खोलीत नऊ नऊ तास बसते. आवाज चढला तिचा. ओटीपर्यंत गेला असणार.

कार्मिनने पदराला हात पुसले. ती भांडणारी बाई नव्हती. "लोकं ओटीवर असतात ते बरं असतं जीना," एवढंच म्हणाली. काय बरं असतं, हे जीनाने विचारलं नाही. मग कार्मिन म्हणाली, कनेक्शन तुझ्या नावाचं आहे, तुला योग्य वाटेल ते कर.

दुसरं कनेक्शन घ्यायचं का, हेही जीनाने कल्पेशला विचारून झालं होतं. नाही मिळणार. गल्लीतल्या खांबावरचा डबा भरलाय, रस्ता खणायची परवानगी मिळाली की बघू, म्हणजे गणपतीनंतर. एकाच कनेक्शनवर दोन नावांचं वायफाय करून देतो म्हणाला, पण मोजणार एकच. सोळा फोन आणि तिचा लॅपटॉप एकाच ताटात जेवणार, तर ताट एकोणीस तारखेला रिकामंच. तेव्हा उरलेला उपाय एकच होता. कल्पेशने पासवर्ड बदलून दिला, महिना काढण्यापुरता टॉप-अप मारून दिला, जो वर्षातून एकदाच मिळतो, आणि जाताना म्हणाला, मॅडम, ह्या वेळी कोणाला देऊ नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्नाली नेहमीसारखी आली, फोनकडे बघत बसली, फोन उलटा-सुलटा केला, बंद करून चालू केला. मग तिने कार्मिनला विचारलं. कार्मिनने, ते जीनाला विचार, असं सांगितलं. तिने जीनाला विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. पाखाडीतली माणसं अशीच. मागायला संकोच नाही, पण एकदा हात आखडलेला दिसला की परत तोंड उघडणार नाहीत. ऑगस्टीनअंकल रविवारपर्यंत सवयीने येत राहिले, नंतर त्यांचंही येणं थांबलं. लेस्टरने टेम्पो पुढच्या वडाखाली लावायला सुरुवात केली. तिकडे सावली होतीच.

आणि जीनाचं नेट? विचारू नका. बटण दाबायच्या आत पान उघडत होतं. पाच तारीख आली, नवा महिना सुरू झाला, दहा तारखेपर्यंत शंभर जीबीही संपले नव्हते. रचनाने टीमच्या ग्रुपवर तिच्या नावापुढे अंगठा टाकला. जीनाला जरा बरं वाटलं. ओटी शांत झाली होती, चपलांचा ढीग नव्हता, पायरीवर चिवड्याची पाकिटं नव्हती. तिला वाटलं, पप्पांनाही आराम पडला असेल.

कार्मिन मात्र हल्ली दुपारी दोनदोनदा वाडीतून वर यायची, धापा टाकत, पाय चिखलाचे तसेच. परत जायची. बोलायची नाही. जीनाने मनाशी ठरवून टाकलं की सासूबाईंनी राग धरलाय. धरू दे, असंही मनाशी म्हणाली. दमलेल्या माणसाला दुसऱ्याच्या रागाचं कारण शोधायला वेळ नसतो.

एका गुरुवारी कार्मिनला डोळे तपासायला माणिकपूरला जायचं होतं. साडेबाराला तिने प्लासिडना जेवू घातलं, चहाचा थर्मास आणि पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, आणि जीनाच्या दारातून आत डोकावून, लक्ष ठेव गं, म्हणाली. जीनाने हेडफोन एका कानावरून सरकवून हो म्हटलं. आणि तिला खरंच लक्ष ठेवायचं होतं. पण एकला नालासोपाऱ्याहून फोन आला, एका माणसाच्या हृदयाचं ऑपरेशन, त्याचा मुलगा स्वतः फोनवर, आणि तो काही केल्या ऐकेना. त्याला समजावता समजावता अर्धा तास गेला. तो फोन ठेवते तोच दुसरा लागला. तो संपला तेव्हा दोन वाजून गेले होते. तिने हेडफोन काढले आणि घर एकदम शांत वाटलं. नको इतकं शांत.

प्लासिड खुर्ची आणि भिंत ह्यांच्या मधल्या फटीत पडले होते. डावा पाय खुर्चीच्या हातात अडकलेला, गाल फरशीला लागलेला. लेंगा ओला. थर्मास लवंडला होता आणि सांडलेला चहा सुकून त्याला मुंग्या लागल्या होत्या. म्हणजे बराच वेळ झाला होता. त्यांचे ओठ हलत होते. ती खाली वाकली तेव्हा तिला कळलं की ते तिचं नाव घेतायत, त्यांना जमतं तसं, नुसतं ‘ई ना, ई ना’, आणि ते कधीपासून घेतायत हे फक्त त्यांनाच माहीत. तिची खोली तिथून दहा पावलांवर होती. कंपनीने दिलेले हेडफोन फार चांगले होते, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

तिने काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला, जमेना. उंचपुरा माणूस, आणि एका बाजूचं सगळं वजन मेलेलं. तिने हाका मारल्या. ऑगस्टीनअंकल, स्वप्नाली, भागूमावशी. रिकाम्या ओटीवरून हाका तशाच परत आल्या. मग ती अनवाणी रस्त्यावर धावली आणि वडाखालच्या टेम्पोची काच ठोकली.

लेस्टर एका उडीत आला. आणि त्याने जे केलं ते बघून जीना बाजूलाच झाली. त्याने आधी अडकलेला पाय सोडवला, मग प्लासिडना कुशीवर वळवलं, स्वतः गुडघ्यावर बसून त्यांचा डावा हात आपल्या मानेभोवती घेतला, त्यांच्या कानात, चला अंकल, वन टू थ्री, असं म्हणाला आणि उचललं. हे काही पहिल्यांदा उचलणाऱ्याचं काम नव्हतं. खुर्चीत बसवून झाल्यावर त्याने न विचारता आत जाऊन नेमका मोरीच्या दारामागचा टॉवेल आणला.

"स्वप्नालीपण येत नाही का आता?" त्याने विचारलं. "एक वाजता आम्ही दोघं न्यायचो ना त्यांना बाथरूमला. वेळ झाली म्हणून ते स्वतःच उठायला गेले असतील."

रोज दोनच्या सुट्टीत ती त्यांच्याकडे नजर टाकायची तेव्हा ते कोरडे, नीट बसलेले, तोंड पुसलेलं, हाताशी भरलेला पेला. तिला वाटायचं, आईंनी केलं असेल. आई तर तेव्हा वाडीच्या त्या टोकाला असायच्या. लेस्टर सहज सांगत होता, त्यात त्याला काही विशेष वाटत नव्हतं. स्वप्नाली नर्सिंग शिकते, तिला पेशंट कसा वळवायचा ते माहीत, तिनेच मला शिकवलं. ऑगस्टीनअंकल त्यांच्याबरोबर प्रार्थनेची माळ करायचे, मिस्सा दाखवायचे. त्या दोघी बायका पाणी पाजायच्या. मग त्याने घड्याळ बघितलं, विरारला माल टाकायचा होता म्हणाला, आणि गेला.

जीनाने सासऱ्यांचे कपडे बदलले. कोपर सोललं होतं, बाकी मोडलं काही नव्हतं. ते तिच्याकडे बघत नव्हते. मान भिंतीकडे वळवून बसले होते आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ज्या माणसाने तिला लग्न होऊन आल्यापासून लेकीसारखं वागवलं, त्याला सुनेपुढे ओलं सापडण्याची लाज वाटत होती. जीनालाही रडू फुटलं. आत लॅपटॉप टिंग टिंग वाजत होता आणि तिने तो वाजू दिला.

कार्मिन परत आली ती डोळ्यांत औषध घालून, सगळं धूसर दिसत असताना. जीनाने तिला सगळं सांगितलं, काहीही न वगळता. मग विचारलं, आई, तुम्ही मला आधी का नाही बोललात?

"बोलले की. तू दमलेली होतीस," कार्मिन म्हणाली. मग बाकावर बसली आणि पदराने डोळ्यांतलं औषध टिपत राहिली. "तू दार लावून आत, मी वाडीत. माणूस ओटीवर एकटा. रोज रोज कोणाला सांगू, या आणि आमच्या म्हाताऱ्याजवळ बसा? एक दिवस येतील, दोन दिवस येतील. मग मला त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही. नेट होतं तर न सांगता यायचे. मी पासवर्ड फुकट वाटला असं वाटलं तुला?"

संध्याकाळी काम संपल्यावर जीना भागूबाईच्या घरी गेली. भागूबाई कार्मिनच्याच वाडीतली भाजी घेऊन बाजारात बसायची. ती ओसरीत अळूच्या जुड्या बांधत होती, स्वप्नाली आत. जीनाने काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, आणि पायरीवर पाय ठेवताच ते सगळं विसरली. ती म्हणाली, मला माहीत नव्हतं मावशी. मला कोणी सांगितलंच नाही. आणि पुढे, तुम्ही सगळे पप्पांसाठी येत होतात आणि मी—

भागूबाईने तिला तिथेच थांबवलं.

"खोटं कशाला बोलू? नेटसाठीच यायची ती. आमच्या घरात रेंज नाय, कालेजचे विडिओ बघाया लागतात. पन समोर मानूस पानी मागतंय तर कोन फोनात तोंड घालून बशेल?"

ते ऐकून जीनाला उलट हलकं वाटलं. उपकार केले असं ती बाई म्हणाली असती तर ते फेडत बसावं लागलं असतं. तिने फोन काढला, नवा पासवर्ड स्वप्नालीला वाचून दाखवला आणि सांगितलं, अंकलना दे, लेस्टरला दे, त्या दोघींना दे. स्वप्नालीने तो लिहून घेतला नाही. दारात उभी राहून म्हणाली, "पण ताई, तुमचं परत स्लो होईल. तुमच्या जॉबचा प्रॉब्लेम होईल ना?"

म्हणजे ह्यांना ते सगळं माहीत होतं. आवाज ओटीपर्यंत गेलाच होता. म्हणूनच कोणी विचारायला आलं नव्हतं.

"होऊ दे," जीना म्हणाली.

खरं तर तिला तेव्हा कळत नव्हतं की होऊ दे म्हणजे काय होऊ दे. घरी येईपर्यंत कळलं. हजार जीबी एकतर तिचे, नाहीतर ओटीचे. तिचे असले तर ती घरात बसून पप्पांना वाऱ्यावर सोडणार, जसं आज सोडलं. ओटीचे असले तर तिने घरात बसायची गरजच नव्हती. किती सरळ होतं, आणि किती वाईट. दोन वर्षं ती त्या केळीच्या खोलीत ज्याच्यासाठी बसली होती, ते काम दाराबाहेर बसलेले लोक करत होते, आणि तिच्या असण्याने त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

तिने रचनाला फोन करून सांगितलं की पुढच्या सोमवारपासून मी ठाण्याला येते. रचनाला काही समजेना. आत्ता तर तुझं नेट सगळ्यांत चांगलं चाललंय, काही त्रास नाही, मग कशाला?

"सासऱ्यांसाठी," जीना म्हणाली.

"अगं, सासऱ्यांसाठी तर तू घरी आहेस ना?"

जीना हो म्हणाली.

मग घोडबंदर सुरू झालं. सकाळी सातला निघायचं, फाउंटन हॉटेलच्या नाक्यापासून पुढे ट्रकांच्या मागे मुंगीसारखं सरकायचं. रात्री जेवायला घरी पोचलं तर नशीब. पाठ गेली, मान गेली. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा बसमध्ये झोपेत हातातला डबा पाडला. घरी गेल्यावर कार्मिन पाणी गरम करून ठेवायची आणि काही बोलायची नाही, पण आता त्या न बोलण्याचा जीनाला त्रास होत नव्हता. दुपारी काय काय झालं ते प्लासिड तिला सांगायचा प्रयत्न करायचे, तिला त्यातलं निम्मं कळायचं. एकदा त्यांनी तिला स्वतः उठून दाखवलं, खुर्चीचा हात धरून, तीन आकडे मोजेपर्यंत. हे कोणी शिकवलं, विचारायची गरज नव्हती.

महिना संपत आला तेव्हाची गोष्ट. लंच ब्रेकमध्ये ती कँटीनच्या खिडकीशी बसली आणि तिने स्वप्नालीला व्हिडिओ कॉल लावला. ऑफिसचं नेट असं होतं की बोट टेकवायच्या आत कॉल लागायचा. पलीकडे ओटी दिसली, खांब दिसला, बाकावर ऑगस्टीनअंकलचे गुडघे दिसले. आवाज आला, ताई, बघा ना, अंकल आज, आणि तिथेच तुटला. चित्रही थांबलं.

ओटीवरचे हजार जीबी संपले होते. आता पाच तारखेपर्यंत असंच.

थांबलेल्या चित्रात प्लासिड उभे होते. एका बाजूने लेस्टरच्या खांद्यावर त्यांचा हात, दुसऱ्या बाजूने कोणाचा तरी बांगड्यांचा हात त्यांच्या पाठीला. एक पाय जमिनीवर आणि उजवा, तो गेलेला उजवा पाय, जमिनीपासून दोन बोटं वर. तो पुढे पडला की नाही, पडला तर टेकला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. जीनाने फोन कापून परत लावायचा विचार केला, पण कापला तर हे चित्रही जाईल म्हणून नाही लावला. तिने डबा उघडला आणि फोन समोर उभा करून त्या पायाकडे बघत जेवायला सुरुवात केली. ब्रेक संपायला अजून अकरा मिनिटं होती.